मृत्यूची व्याख्या आणि दानाची वाट

रायगड जिल्ह्यातील पेण गाव गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यांतून मूर्ती घरोघर जातात आणि त्यांच्याबरोबर एका मस्तकाच्या जागी दुसरे मस्तक बसविल्याची कथाही जाते. त्या कथेत मस्तक देणाऱ्याच्या संमतीचा प्रश्न उद्भवत नाही. वैद्यकाच्या इतिहासात मात्र तोच प्रश्न सर्वांत बिकट ठरला.

1954 च्या डिसेंबरात बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले व रोगी वाचला. पुढे 3 डिसेंबर 1967 रोजी केपटाउन येथे डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी मानवी हृदयाचे रोपण केले आणि सारे जग विस्मित झाले. या धडपडीत मुंबई मागे नव्हती. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1965 मध्ये मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसविण्याचा प्रयत्न केला होता. 1968 च्या फेब्रुवारीत, म्हणजे बर्नार्ड यांच्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, त्यांनी हृदयरोपणही केले. रोगी काही तासच जगला. परंतु ते अपयश धाडसाच्या उणिवेचे खचितच नव्हते.

शरीर परकी इंद्रिये नाकारते, ही एक अडचण होती. दुसरी अडचण व्याख्येची होती. हृदय थांबले म्हणजे मृत्यू, असे कायदा व लोकव्यवहार दोन्ही मानीत. आणि थांबलेले हृदय रोपणास फार काळ उपयोगी राहत नाही. कृत्रिम श्वासयंत्रामुळे मेंदू पूर्ण मृत झाल्यावरही हृदय काही काळ चालू ठेवता येऊ लागले, तेव्हा हा पेच अधिकच स्पष्ट झाला. 1968 च्या ऑगस्टात हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूच्या मृत्यूचे निकष मांडले. भारतात त्यास कायद्याची मान्यता मिळावयास 1994 साल उजाडले.

मधल्या काळात रोपणाची विद्या सुधारली, पण मृतांकडून दान मिळेना. मग गरजूंची मूत्रपिंडे पैशाने विकली जाऊ लागली आणि त्या बाजारात मुंबईचेही नाव झाले. 1994 च्या अधिनियमाने हा व्यापार गुन्हा ठरविला व मेंदूमृत्यूस मान्यता दिली. प्रथम ज्या तीन राज्यांत तो लागू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. चार वैद्यांनी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासावे आणि मगच मृत्यू जाहीर करावा, असा त्यातील दंडक आहे. 2000 साली मुंबईत विभागीय समन्वय केंद्र निघाले आणि इंद्रियांचे वाटप प्रतीक्षायादीप्रमाणे होऊ लागले.

तरीही तुटवडा सरला नाही. भारतात दहा लक्ष लोकांमागे वर्षाला एकही मृत दाता मिळत नाही. स्पेनमध्ये ही संख्या चाळीसहून अधिक आहे. येथील बहुतेक रोपणे जिवंत नातलगांच्या दानावर चालतात आणि त्या दात्यांत स्त्रियाच फार अधिक असतात. समाजाने जे द्यावयाचे, ते आई अगर पत्नी आपल्या देहातून देते, असाच याचा अर्थ होतो.

स्पेनचे यश केवळ कायद्याचे नव्हे. 1989 पासून तेथे रुग्णालयारुग्णालयांत शिकविलेले समन्वयक नेमले गेले; मेंदूमृत्यू वेळीच ओळखणे व कुटुंबास आदराने विचारणे, हे त्यांचे काम. आपल्याकडेही 2011 च्या दुरुस्तीने असे विचारणे रुग्णालयाचे कर्तव्य ठरविले आणि जेथे रोपण होत नाही, अशा रुग्णालयांसही केवळ इंद्रिये काढण्याची परवानगी मिळण्याची वाट मोकळी केली. मुंबई–गोवा महामार्गावरील पेण तालुक्यातील डोलवीसारख्या गावी या तरतुदीचे मोल कळते. रस्त्यावर डोक्यास जबर मार बसलेला माणूस जेथे नेला जाईल, तेथे श्वासयंत्र, तज्ज्ञ व विचारणारा माणूस नसेल, तर इच्छा असूनही दान घडत नाही.

अखेर प्रश्न येतो तो घरात. दात्याने प्रतिज्ञापत्र भरले असले, तरी व्यवहारात निर्णय शोकाकुल आप्तांच्याच हाती राहतो. ज्या घरी या विषयावर आधी कधी शब्द निघालेला नसतो, तेथे त्या घटकेला ‘नाही’ हेच उत्तर सोपे जाते. डॉ. सेन यांच्या काळी कायद्याची वाट पाहावी लागली. आता कायदा आहे, विद्या आहे. संध्याकाळच्या जेवणाच्या वेळी घरच्यांत निघावयाचे ते बोलणे मात्र अजून बहुतेक घरांत निघावयाचे आहे.