कर्णधार आणि प्रशिक्षक

पेणचा मूर्तिकार शाडूच्या मातीची मूर्ति घडवितो, तिच्या डोळ्यांची आखणी स्वतःच्या हातानें करतो, आणि चतुर्थीपूर्वीं तिला परक्याच्या घरीं धाडितो. पूजा तेथें होते. कारागिरापाशीं उरतें तें घडविण्याचें समाधान. श्रोतेहो, खेळांतील कर्णधार जेव्हां प्रशिक्षक होतो, तेव्हां त्याची स्थिति कांहींशी अशीच असते. क्रिकेटपटु चंद्रकांत पंडित यांची कारकीर्द याचें बोलकें उदाहरण आहे.

पंडितांचा जन्म १९६१ सालीं मुंबईस झाला. रमाकांत आचरेकरांच्या हाताखालीं ते तयार झाले, आणि यष्टिरक्षक व फलंदाज या नात्यानें भारतातर्फे ५ कसोटी व ३६ एकदिवसीय सामने खेळले. पुढें ते मध्यप्रदेशाकडून खेळूं लागले. इंदूरच्या होळकर संघानें पूर्वीं चार वेळां रणजी करंडक जिंकला होता. परंतु मध्यप्रदेश या नांवानें तो कधींच आला नव्हता. १९९९ सालीं पंडितांच्या नेतृत्वाखालीं संघ अंतिम सामन्यास बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर उतरला. पहिल्या डावांत ७५ धावांची आघाडीहि मिळाली. पण चौथ्या डावांत फलंदाजी कोसळली आणि कर्नाटकानें ९६ धावांनीं विजय मिळविला.

खेळ संपला, पण क्रिकेट सुटलें नाहीं. प्रशिक्षक म्हणून पंडितांनीं मुंबईस तीन वेळां रणजी करंडक मिळवून दिला. ज्या विदर्भास तो कधींच लाभला नव्हता, त्यास २०१७-१८ व २०१८-१९ असा लागोपाठ दोन वर्षें मिळाला. त्यांची शिस्त कडक. नांवलौकिकाचा खेळाडूहि तिच्यांतून सुटत नसे.

२०२० सालीं त्यांनीं मध्यप्रदेशाची जबाबदारी पत्करली. २०२२ च्या जूनमध्यें तेंच चिन्नास्वामी मैदान होतें आणि तोच अंतिम सामना. समोर मात्र ४१ वेळां करंडक जिंकलेली, पंडितांची स्वतःची मुंबई! मुंबईच्या ३७४ धावांस मध्यप्रदेशानें ५३६ धावांनीं उत्तर दिलें, आणि २६ जून रोजीं आदित्य श्रीवास्तवच्या संघानें सहा गडी राखून सामना जिंकला. पंडितांच्या डोळ्यांत अश्रु आले.

कर्णधारास चूक सुधारावयास निदान हातांत बॅट असते. प्रशिक्षकास सीमेबाहेर बसून दुसऱ्यांच्या हातांवर विश्वास टाकावा लागतो. तेवीस वर्षांपूर्वीं हातून निसटलें तें पंडितांना अशाच परक्या हातांनीं मिळालें. शिकविण्याचें सामर्थ्य यापरतें दुसरें कोणतें असणार?