वूस्टरच्या घरातली तिसऱ्या मजल्यावरची खोली

हाताने केलेलं शुभेच्छापत्र म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. दुपारची निवांत वेळ, कोणी एक हौशी बाई, कात्री, रंगीत कागद, डिंकाची बाटली. कोणासाठी तरी मनापासून केलेली एकच वस्तू. आमच्या सूनबाईंनी मध्यंतरी घरातली मधली खोली या कामासाठी मोकळी करून घेतली, तेव्हापासून ही कला मुळात आली कुठून याचं कुतूहल मला लागून राहिलं होतं. (इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, खोड जात नाही.) वाचता वाचता एका बाईंपाशी येऊन थांबले आणि वर सांगितलेलं चित्र निम्मंच खरं आहे असं वाटायला लागलं. त्या बाईंचं नाव एस्थर हाउलंड.

पण आधी थोडी टपालाची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंग्लंडमध्ये १८४० पूर्वी पत्राचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावे लागत, तेही अंतर आणि कागदांची संख्या मोजून. असं पत्र कौतुकाने कोण धाडणार? जानेवारी १८४० मध्ये देशभर एकच दर झाला, एक पेनी, आणि त्याच वर्षी मे महिन्यात पहिलं तिकीट आलं. त्या सुधारणेसाठी खटपट करणाऱ्यांपैकी एक होता हेन्री कोल. त्यानेच १८४३ च्या नाताळात जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं, छापून हाताने रंगवलं. हजारेक प्रती, किंमत एक शिलिंग. चित्रात सगळं कुटुंब, अगदी लहान मूलही, मद्याचा आस्वाद घेताना दाखवलं होतं, त्यामुळे दारूबंदीवाले खवळले. असो. अमेरिकेत टपालाचे दर १८४५ च्या कायद्याने उतरले, तिकिटं १८४७ मध्ये आली. (आपल्याकडे अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागलं ते १८५४ पासून.)

याच १८४७ साली एस्थर हाउलंड शिक्षण संपवून घरी परतली. जन्म १८२८ चा, म्हणजे वय एकोणीसच्या आसपास. गाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं वूस्टर. स्पेलिंग वाचून तुम्ही वॉर्सेस्टर म्हणाल, पण उच्चार वूस्टर. वडिलांचं गावात पुस्तकांचं आणि लेखनसामग्रीचं मोठं दुकान होतं. आईने काटकसरीने घर कसं चालवावं, स्वयंपाक कसा करावा यावर पुस्तक लिहिलं होतं आणि ते चांगलं खपलंही होतं. म्हणजे घरात कागदही होता आणि हिशेबही.

वडिलांच्या व्यवसायातल्या कोणा इंग्रज परिचिताकडून तिला एक व्हॅलेंटाइन पत्र आलं. कडेला कागदी लेस, त्यावर फुलांची चित्रं. ही कागदी लेस म्हणजे त्या काळच्या कारागिरीचं एक नवल होतं. धातूच्या ठशावर कागद दाबून नक्षी उठवायची आणि मग उठलेले उंचवटे घासून काढायचे. घासलेल्या जागी भोकं पडतात आणि कागद जाळीसारखा दिसू लागतो. अमेरिकेत असली पत्रं इंग्लंडहून येत आणि महाग असत. एस्थरला वाटलं, हे आपण इथे करू शकू. तिने वडिलांमार्फत इंग्लंडहून लेस आणि चित्रं मागवली, बारा-एक नमुने केले आणि दुकानाच्या मालाची विक्री करायला फिरतीवर निघालेल्या भावाच्या हाती दिले. दोनशे डॉलरच्या मागण्या आल्या तरी पुष्कळ, असा तिचा अंदाज. भाऊ परत आला तो पाच हजारांच्या मागण्या घेऊन!

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. तिला ‘अमेरिकन व्हॅलेंटाइनची जननी’ वगैरेही म्हणतात. खरं तर वूस्टरजवळच्याच ग्राफ्टनचा जोथॅम टाफ्ट हा गृहस्थ तिच्या आधीपासून या धंद्यात होता. तेव्हा जननी-बिननी सोडून द्या. मला अप्रूप आहे ते पुढच्या गोष्टीचं. पाच हजारांच्या मागण्या एकट्या मुलीच्या दोन हातांनी कशा पुऱ्या होणार?

समर स्ट्रीटवरच्या त्यांच्या घरात तिसऱ्या मजल्यावर एक खोली होती. तिथे तिने लांब टेबल मांडलं आणि मैत्रिणींना बोलावलं. एकीने फक्त चित्रं कापायची. दुसरीने मागचा कागद तयार करायचा. तिसरीने थरावर थर चिकटवायचे. एस्थरने आधी एक नमुना स्वतः करून समोर ठेवायचा आणि शेवटी तयार झालेलं प्रत्येक पत्र तपासायचं. हेन्री फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यातली सरकती साखळी १९१३ ची. त्याच्या साठेक वर्षं आधी, राहत्या घरात, कागदाच्या फुलांसाठी हे चाललं होतं.

हे तिला सुचलं कसं? पुरावा काही नाही, पण माझा एक तर्क आहे. ती ज्या माउंट होल्योक संस्थेत शिकली, ती मेरी लायन या बाईंनी १८३७ मध्ये काढली होती. (तीच ती संस्था, जिथे १८४७ मध्ये कवयित्री एमिली डिकिन्सन दाखल झाली.) फी कमी राहावी म्हणून तिथे घरकामाला नोकर नसत, मुलीच ते वाटून घेत. एका गटाकडे पाव, एकाकडे भांडी, एकाकडे झाडलोट, ज्याचं काम त्याने वेळेवर करायचं. अशा घरात राहून आलेल्या मुलीला टेबलावरची कामं वाटता आली, यात मला नवल वाटत नाही.

आमच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीआधी कार्यानुभवाच्या तासाला आम्ही मुलींकडून शुभेच्छापत्रं करून घ्यायचो. चार बाकं जोडायची. एका बाकावर कापणं, एकावर खळ लावणं, एकावर अक्षरं. साठ मुलींचा वर्ग आणि पस्तीस मिनिटांचा तास, दुसरा इलाजच नसे. तेव्हा हाउलंडबाईंचं नाव कुणी ऐकलं होतं!

खोलीच्या मांडणीबद्दल एक निरीक्षण. सूनबाईंच्या खोलीत सामान जातीप्रमाणे लावलंय, कागद एका खणात, फिती एका डब्यात, शिक्के तिसरीकडे. एकट्या माणसाला ते बरोबर आहे. तो स्वतःच खणाखणाकडे जातो. हाउलंडबाईंच्या टेबलावर सामान कामाच्या क्रमाने असणार. माणसं जागेवर बसलेली, पत्र त्यांच्यासमोरून पुढे सरकणार. खोली तीच, पण ती हौशीची आहे की पोटापाण्याची, हे सामान कसं लावलंय त्यावरून कळतं.

तिच्या पत्रांत करामतीही होत्या. लेसच्या खाली घोटीव कागदाची रंगीत चकती ठेवायची, म्हणजे जाळीतून रंग डोकावतो. दोन थरांमध्ये कागदी पट्ट्या आलटून पालटून दुमडून केलेली स्प्रिंग लावायची, म्हणजे वरचा थर उचलून येतो आणि पत्राला खोली मिळते. मजकूर बहुधा आत, वर नाही. आणि १८७९ मध्ये तिच्या कंपनीने निरनिराळ्या कवितांची एक पुस्तिकाच छापली. पत्रातली कविता पसंत नसेल तर पुस्तिकेतली दुसरी कापून तिच्यावर चिकटवा! गिऱ्हाइकाचा स्वभाव ओळखणारी बाई होती.

पुढे काम खोलीत मावेना, तेव्हा तिने आणखी एक सोय केली. एकेका पत्राला लागणारं सगळं साहित्य आणि सूचना पेटीत भरून ती पेटी घरी काम करणाऱ्या बायकांना द्यायची. आठवड्याने गाडीवान जाऊन तयार माल गोळा करायचा आणि मग तपासणी. वाचताना मला गिरगावात १९५९ मध्ये सात जणींनी सुरू केलेल्या लिज्जत पापडची आठवण झाली. तिथेही पीठ घरी न्यायचं, पापड लाटून आणून द्यायचे आणि ते पारखून घेतले जायचे. फरक मोठा आहे, लिज्जतमध्ये लाटणारी बाई भागीदार असते. वूस्टरच्या बायकांना मजुरी मिळे. त्या काळी शिकलेल्या बाईला शिक्षिकेच्या नोकरीपलीकडे फारसं काही नव्हतं, शिवणकामाचे पैसे थोडे. अशा वेळी घरात बसून, पोराबाळांकडे बघत, हाती चार पैसे येत होते, हे मी कमी समजत नाही.

धंदा वर्षाला लाख डॉलरपर्यंत गेला असं तिच्यावरच्या बहुतेक लेखनात आढळतं. पुढे न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी झाली, जोथॅम टाफ्टचा मुलगा एडवर्ड भागीदार झाला. आणि १८८१ च्या सुमारास हाउलंडबाईंनी सगळं जॉर्ज व्हिटनी या वूस्टरच्याच व्यावसायिकाला विकून टाकलं. कारण वडील आजारी होते आणि त्यांचं करायला घरी कोणीतरी हवं होतं. ते कोणीतरी कोण, हे सांगायला नकोच. बाई १९०४ मध्ये गेल्या. त्यांच्यावर लिहिणारे लोक एक वाक्य हमखास लिहितात, की प्रेमपत्रांचा धंदा करणाऱ्या बाईंचं स्वतःचं लग्न मात्र झालं नाही. यात त्यांना मोठी गंमत वाटते. मला गंमत दिसते ती वेगळीच. तीस वर्षं धंदा चालवणाऱ्या बाईला तो सोडावा लागला तो लग्नासाठी नव्हे, माहेरसाठी.

व्हिटनी कंपनी पुढे यंत्रावर कार्डं काढू लागली आणि १९४२ मध्ये, महायुद्धातल्या कागदटंचाईत, बंद पडली.

हाउलंडबाईंच्या पत्रांच्या पाठीवर बारीक लाल ‘एच’ असतो, पुढच्या काळातल्या पत्रांवर कंपनीची आद्याक्षरं. टेबलाभोवती बसलेल्या मुलींची नावं मी बरीच शोधली, मला तरी कुठे मिळाली नाहीत. वूस्टरमध्येच अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी म्हणून जुनी संस्था आहे, तिच्या संग्रहात ही पत्रं जपून ठेवली आहेत. माझा भाचा बॉस्टनजवळ राहतो, तिथून वूस्टर तासाभरावर. त्याला सांगून ठेवलंय, सवड काढून जा, आणि पाहायला मिळालं तर नुसती पुढची बाजू बघून येऊ नकोस. थर उचलून आतली स्प्रिंग बघ, खळीचे डाग कुठे दिसतात का तेही बघ आणि मला कळव.