पार्श्ववक्रतेवरील शस्त्रक्रिया : कुमारवय आणि प्रौढवय

पाठीचा कणा एका बाजूस वळून त्यातील मणके स्वतःभोवती फिरले म्हणजे त्या विकृतीस पार्श्ववक्रता किंवा स्कोलिओसिस म्हणतात. वक्रतेचा कोन क्ष-किरण चित्रावर मोजण्याची जॉन कॉब यांची पद्धत (१९४८) आजही रूढ आहे. बहुसंख्य कुमारवयीन रुग्णांत विकृतीचे निश्चित कारण सापडत नाही.

या विकृतीवरील शस्त्रक्रिया मुळात वाढत्या वयाच्या रुग्णांसाठी घडत गेली. रसेल हिब्ज (१८६९–१९३२) यांनी १९११ मध्ये न्यूयॉर्क येथे क्षयाने पोखरलेले मणके एकमेकांस सांधले आणि १९१४ मध्ये तीच कृती पार्श्ववक्रतेसाठी योजली. सांधलेले हाड पक्के होईपर्यंत रुग्णास कित्येक महिने प्लास्टरमध्ये निजून राहावे लागे. १९४१ मध्ये अमेरिकेत ४२५ रुग्णांचा आढावा घेण्यात आला, तेव्हा सुमारे ६९ टक्के रुग्णांत निष्पत्ती मध्यम किंवा वाईट ठरली.

खरे स्थित्यंतर पोलिओमुळे झाले. साथीनंतर ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन (१९११–८०) यांच्याकडे आलेल्या मुलांपैकी अनेकांचा श्वास इतका क्षीण होता, की प्लास्टरचे ओझे त्यांना सोसणारे नव्हते. म्हणून त्यांनी कण्यातच पोलादी आकडे व दांडा बसवून तो आतून ताणला. प्रारंभी मणके न सांधता केवळ दांड्यावर विसंबल्याने आकडे निसटत व दांडे मोडत. सांधणीची जोड दिल्यावर मात्र पद्धत स्थिरावली. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत पुढील दोन दशके सर्वत्र वापरात होती. रुग्णास शस्त्रक्रियेच्या मध्येच जागे करून पाय हलविण्यास सांगण्याची फ्रान्समधील युक्ती (१९७३) मेरुरज्जूला इजा झाली आहे काय, हे ताबडतोब कळण्यास उपयोगी पडली.

वाढ थांबली की वक्रताही थांबते, अशी समजूत दीर्घकाळ होती. आयोवा येथील वाइनस्टाइन व पोन्सेटी यांच्या दीर्घकालीन पाहणीने (१९८३) ती खोटी ठरविली. ३० अंशांखालील वक्रता प्रौढपणी सहसा वाढत नाही. परंतु छातीच्या भागातील ५० ते ७५ अंशांची वक्रता वर्षाला सुमारे एक अंश या गतीने वाढत राहू शकते. याखेरीज उतारवयात चकत्या झिजल्याने कमरेत नव्यानेच उद्भवणारी वक्रता हा वेगळा प्रकार आहे. त्यास बालपणीच्या वक्रतेची पार्श्वभूमी नसते.

येथे शस्त्रक्रियेचा हेतूच बदलतो. कुमारवयात वेदना बहुधा गौण असतात आणि वक्रतेस आळा घालणे हे मुख्य काम असते. कणा लवचिक व हाड सशक्त असल्याने तो बराचसा सरळ होतो आणि सांधणीही चांगली जमते. प्रौढ रुग्ण येतो तो पाठदुखी, पायात उतरणारी कळ किंवा पुढे झुकत चाललेले शरीर घेऊन. त्याचा कणा ताठर झालेला असतो, हाडे विरळ झालेली असतात, सांधणी अनेकदा त्रिकास्थीपर्यंत न्यावी लागते आणि मणके न जुळण्याचा धोका मोठा असतो.

प्रौढांच्या शस्त्रक्रियेस एक धडा खुद्द हॅरिंग्टन यांच्या दांड्यानेच दिला. ताणलेला दांडा कमरेपर्यंत नेल्यास तेथील नैसर्गिक अंतर्वक्र सपाट होई. किशोरवयात सरळ केलेले असे काही रुग्ण पुढे मध्यमवयात गुडघे वाकवून, पुढे झुकून चालत परत आले. त्यांचा कणा समोरून निर्दोष दिसत असे. दोष बाजूने पाहिल्यावरच उमगे आणि तो दूर करण्यास सांधलेले हाड पुन्हा छेदावे लागे. कोत्रेल व द्युबूसे यांच्या पद्धतीने (१९८४) आणि पुढे मणक्यांत बसविलेल्या स्क्रूंमुळे कण्यास बाजूकडूनही आकार देता येऊ लागला. २००५ मधील एका अभ्यासात शरीराचा तोल जितका पुढे झुकलेला, तितकी असमर्थता अधिक, असे आढळले.

वय वाढते तसा धोकाही वाढतो. २०११ मधील एका अमेरिकन अभ्यासात २५ ते ४४ वर्षांच्या रुग्णांत लहानमोठ्या उपद्रवांचे प्रमाण १७ टक्के होते, तर ६५ ते ८५ वर्षांच्या गटात ते ७१ टक्के होते. तरीही वेदना व असमर्थतेतील सर्वाधिक सुधारणा याच वृद्ध गटात दिसून आली.