लेखकाचा आवाज : मेणाच्या नळकांड्यापासून यूट्यूबपर्यंत

पदव्युत्तर वर्गात मी एकदा 'व्यक्ती आणि वल्ली'तला 'अंतू बर्वा' प्रकट वाचनासाठी घेतला. सहा-सात विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने वाचन केले आणि तिसऱ्या वाचकापाशीच माझ्या ध्यानात आले, की हे सगळे एकाच वाचनाची नक्कल करीत आहेत. विराम तेच, वाक्याच्या शेवटी स्वर खाली आणण्याची तऱ्हा तीच. हशा जेथे अपेक्षित आहे तेथे क्षणभर थांबणेही तेच. आणि वर्ग हसतही होता नेमका त्या थांबण्यावर. वाचले जात होते ते पुस्तक नव्हते, पु. ल. देशपांड्यांचे ध्वनिमुद्रण होते. चौकशी केली तेव्हा कळले, की वर्गातल्या निम्म्याहून अधिक जणांनी ते पुस्तक त्या दिवशी प्रथम हाती धरले होते. 'अंतू बर्वा' मात्र त्यांना वर्षानुवर्षे पाठ होता.

लेखक स्वतःचे लिखाण वाचून दाखवतो, त्यावर बोलतो, आणि ते आपण घरबसल्या केव्हाही पाहू-ऐकू शकतो, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिला इतिहास आहे याचेच विस्मरण होते. हा इतिहास सव्वाशे वर्षांहून थोडा मोठा आहे. त्याचा आरंभ, गंमत अशी, एका फजितीने होतो.

एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला 1877 मध्ये. पुढे त्याचा इंग्लंडमधला प्रतिनिधी कर्नल गुरो हा नामवंतांचे आवाज मेणाच्या नळकांड्यांवर टिपून घेऊ लागला. एप्रिल 1889 मध्ये लंडनमधल्या एका चित्रकाराच्या घरी मेजवानीनंतर रॉबर्ट ब्राउनिंगला या यंत्रापुढे उभे करण्यात आले. त्याने स्वतःचीच एक प्रसिद्ध, घोडदौडीच्या लयीतली कविता म्हणायला घेतली आणि काही ओळींनंतर तो अडखळला. आपलीच कविता आपल्याला आठवत नाही, याबद्दल त्याने यंत्रापुढेच दिलगिरी व्यक्त केली, या अद्भुत शोधाचे कौतुक केले आणि शेवटी जयघोष केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो वारला. पुढच्या वर्षी त्याच्या पुण्यतिथीस चाहत्यांनी जमून ते नळकांडे लावले. मेलेल्या कवीचा आवाज खोलीत घुमला. त्याच्या बहिणीला हा प्रकार मुळीच रुचला नाही. तिची नापसंती मला नेहमी विचार करण्याजोगी वाटत आली आहे. कविता मागे उरते हे तिला ठाऊक होते. गळाही मागे उरावा, ही गोष्ट मात्र नवी होती आणि काहीशी अशोभनीयही.

टेनिसनचा आवाज 1890 मध्ये टिपला गेला. मेण झिजले, तडकले. आज जे ऐकू येते त्यात कवितेपेक्षा खरखर अधिक. तरीही लय कळते. ताल तो जवळजवळ नगाऱ्यासारखा बडवतो आणि स्वर लांबवून म्हणतो. आज कोणी कवी असे वाचू लागला तर आपण त्याला नाटकी म्हणू. म्हणजे या मुद्रणातून आपल्याला केवळ एक कवी भेटत नाही, तर कविता कशी म्हणावी याविषयीचे एका काळाचे मतही भेटते.

व्हर्जिनिया वुल्फचे प्रकरण वेगळे. एप्रिल 1937 मध्ये बीबीसी नभोवाणीवर तिने शब्द या विषयावर भाषण केले. तिचे म्हणून जे ध्वनिमुद्रण शिल्लक आहे ते हे एवढेच. तेही अपुरे, सुमारे आठ मिनिटांचे. तिचे गद्य वाचताना जी तरल, आपल्याशीच बोलणारी स्त्री मनात उभी राहते तिचा या आवाजाशी मेळ बसत नाही. आवाज उच्चवर्गीय, ठाशीव, किंचित सभेत बोलल्यासारखा आहे. तो ऐकल्यावर काही वाचकांचा विरस होतो, असे मी पाहिले आहे. विरस होण्याचे कारण नाही. पुस्तकात आपण ऐकतो तो लेखिकेने रचलेला आवाज. नभोवाणीवर ऐकतो तो तिच्या घराण्याचा आणि शिक्षणाचा.

1952 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बार्बरा कोहेन आणि मॅरिअ‍ॅन रोनी या विशीतल्या दोन तरुणींनी डिलन टॉमसला गाठून त्याच्या वाचनाची तबकडी काढली. कॅडमन या त्यांच्या कंपनीचा प्रारंभ या तबकडीने झाला. पुढच्याच वर्षी टॉमस गेला. तोवर लेखकांचे ध्वनिमुद्रण हे संग्रहालयाचे, नाहीतर हौसेचे काम होते; वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 1943 पासून कवींचे आवाज जतन करायला आरंभ केला होता, पण तो व्यवहार अभ्यासकांपुरता होता. कॅडमनने लेखकाचा आवाज दुकानात आणला.

त्यानंतर चित्रवाणी आली आणि आवाजाला चेहरा मिळाला. फ्रान्समध्ये बेर्नार पिव्हो यांचा 'अपोस्त्रोफ' हा ग्रंथचर्चेचा कार्यक्रम 1975 ते 1990 अशी पंधरा वर्षे चालला. मे 1975 मध्ये तेथे नाबोकोव्ह आला. उत्स्फूर्त बोलण्याचा त्याला मनस्वी तिटकारा. प्रश्न आधी मागवून घेऊन उत्तरे कार्डांवर लिहून आणायची आणि कॅमेऱ्यापुढे ती वाचायची, हा त्याचा शिरस्ता. समोर पुस्तकांची रास अशी रचलेली की कार्डे झाकली जावीत. ढोंग म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला मात्र त्यात प्रामाणिकपणा दिसतो. लिहिणे हेच ज्याचे काम, त्याने मुलाखतही लिहूनच द्यावी यात गैर ते काय? आजच्या शेकडो 'मनमोकळ्या गप्पां'त लेखक मोकळेपणाने जे बोलतात, त्यातले किती त्यांनी कागदावर राहू दिले असते?

आता आपल्याकडे.

केशवसुत 1905 मध्ये गेले. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला नाही. ग्रामोफोन कंपनीचा गायस्बर्ग 1902 मध्येच कलकत्त्यात येऊन ध्वनिमुद्रणे करून गेला होता, पण त्या यंत्राला हवे होते गाणारे गळे. कवीने आपली कविता वाचावी आणि ती विकत घेऊन कोणी ऐकावी, ही कल्पना तेव्हा आपल्याकडे बाजारात नव्हती. एका अर्थी तिची गरजही नव्हती. ज्या समाजात ओवी आणि अभंग कीर्तनकाराच्या तोंडून ऐकले जातात, तेथे रचना रचनाकाराच्याच गळ्यातून यावी असा आग्रह कशासाठी? तुकोबांचा अभंग ज्याने गाइला त्याचा. पुढे 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश ही मंडळी श्रोत्यांपुढे आपल्या कविता गाऊ लागली. कवी आणि गळा यांची गाठ मराठीत पडली ती अशी. त्या कवितेच्या लोकप्रियतेत आणि पुढे तिच्यावर झालेल्या टीकेतही या गायनाचा वाटा आहे.

विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या तिघांनी ही परंपरा गायनाकडून वाचनाकडे वळवली आणि गावोगाव नेली. गद्यात तेच काम द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने केले. या कथाकथनाचे मोल केवळ रंजनाचे नव्हे, भाषेच्या अभ्यासकाला ते अधिक कळावे. आपली लिपी कितीही शास्त्रशुद्ध म्हटली तरी 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार ती एकाच अक्षरात कोंबते. म्हातारपण या अर्थाचा 'जरा' आणि थोडे या अर्थाचा 'जरा' कागदावर सारखेच. ग्रामीण बोलीतले हेल, प्रश्नाचा कधी वर जाणारा तर कधी खाली ओढला जाणारा स्वर, शब्दाच्या अंती रेंगाळणारा अनुनासिक यांतले छापील पानावर काय उमटते? मुंबई-पुण्याबाहेर पाऊल न टाकलेला विद्यार्थी शंकर पाटलांची कथा डोळ्यांनी वाचतो तेव्हा ती बहुधा प्रमाण मराठीच्या सुरात, फक्त शब्द बदलून वाचतो. पाटलांच्या तोंडून ऐकल्यावर मात्र तीच कथा तिच्या मुलखात जाऊन बसते.

पुलंनी या साऱ्यावर कळस चढवला. 'बटाट्याची चाळ' 1958 मध्ये पुस्तकरूपाने आली आणि नंतर तिचे एकपात्री प्रयोग रंगले. नभोवाणी आणि चित्रवाणी ही दोन्ही माध्यमे त्यांनी आतून पाहिली होती. ध्वनिक्षेपकापुढे किती जवळून आणि किती हळू बोलावे हे त्यांच्याइतके जाणणारा मराठी लेखक दुसरा दाखवणे अवघड. पुढे कॅसेटी निघाल्या आणि घरोघरी गेल्या. 2005 मध्ये यूट्यूब सुरू झाले, आणि कोणी कोणी आपापल्या संग्रहातले मुद्रण तेथे चढवू लागले. 2000 मध्ये निवर्तलेला लेखक आज जिवंत लेखकांहून अधिक ऐकला जात असेल तर नवल नाही. पण प्रयोग म्हणजे पुस्तक नव्हे. एका संध्याकाळच्या प्रयोगात सारे पुस्तक मावत नाही. जे मावते ते प्रेक्षागृहाला पेलेल असे निवडलेले असते, आणि निवड करणारा स्वतः लेखकच असल्याने गाळलेले कमअस्सल, असा ग्रह होतो. माझ्या वर्गात झाले होते ते हेच.

याउलट मर्ढेकर. हयातीची कितीतरी वर्षे त्यांनी आकाशवाणीच्या नोकरीत काढली, 1956 मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हाही ते त्याच सेवेत होते. आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही त्यांचा आवाज ऐकलेला नाही. परिणाम असा, की मर्ढेकरांची कविता दहा विद्यार्थ्यांनी वाचली तर दहा तऱ्हांनी वाचली जाते. कोणी यती येथे धरतो, कोणी तेथे. उपरोध कोणाला ऐकू येतो, कोणाला करुणा. भांडण होते, आणि ते भांडण म्हणजेच त्या तासाची कमाई. कवीने स्वतः वाचलेली चित्रफीत कोणी पुढे केली असती तर वाद पाच मिनिटांत मिटला असता. जी. ए. कुलकर्णी आयुष्यभर व्यासपीठापासून दूर राहिले. त्यांच्या कथांना त्यामुळे काही उणे आले, असे मला वाटत नाही.

मग मी या चित्रफितींच्या विरोधात आहे काय? नाही, तक्रार आहे ती निराळी आहे. 2005 मध्येच इंग्लंडमध्ये कवी अँड्र्यू मोशन आणि रिचर्ड कॅरिंग्टन यांनी 'पोएट्री आर्काइव्ह' लोकांपुढे आणले. हार्डी 1928 पर्यंत आणि हाउसमन 1936 पर्यंत जगले; यंत्रे होती, पण त्यांचे आवाज कोणी राखले नाहीत, ही खंत त्यामागे होती. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने दक्षिण आशियाई लेखकांच्या स्वतःच्या आवाजातील वाचनाचा प्रकल्प हाती घेतला, त्यात मराठी लेखकही आहेत. अशा ठिकाणी कोण, काय वाचतो आहे याची नोंद असते. आपल्या बहुतेक चित्रफितींवर ती नसते. प्रयोग कोणत्या गावचा, कोणत्या वर्षाचा, मूळ मुद्रण कोणाचे, मधला भाग कोणी कापला, यांपैकी काही कळत नाही. खाली हजारो प्रशंसोद्गार, वर चुकीचे शीर्षक. मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झाले. त्याच्या 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारख्या कार्यक्रमात कितीतरी साहित्यिक बोलून गेले. फिती महाग होत्या, जुन्या मुद्रणावर नवे चढवण्याची रीत तेव्हा जगभरच्या केंद्रांत होती. जे वाचले ते कधी कधी आता पडद्यावर येते आणि आपण हरखून जातो; पण हरखणे म्हणजे अभ्यास नव्हे. हस्तलिखिताची तिथी ठरवल्याशिवाय जो संशोधक एक ओळ लिहिणार नाही, तोच यूट्यूबवरच्या तिथीविना तुकड्याचा दाखला शोधनिबंधात बिनदिक्कत देतो.

आणि आजच्या लेखकांबद्दल म्हणाल, तर तेथे टंचाई नाही, महापूर आहे. 2020 च्या टाळेबंदीत प्रकाशन समारंभ पडद्यावर गेले, आणि तेव्हापासून पुस्तकाआधी पुस्तकाविषयीची मुलाखत पोहोचू लागली. लेखकाचा 'लेखकराव' का होतो, हा नेमाड्यांनी साठोत्तरीच्या काळात केलेला सवाल आहे. खुद्द नेमाड्यांच्या भाषणांच्या आणि मुलाखतींच्या चित्रफिती आज यूट्यूबवर पाहायला मिळतात. असो.

त्या तासाला शेवटचे वाचन एका विद्यार्थिनीकडे होते. ती राजापूरकडची. मुद्रण तिनेही ऐकलेले होते, पण तिने ते बाजूला ठेवून वाचले, फार सावकाश, आजोबांच्या बोलण्याची लकब धरून, हे तिनेच नंतर सांगितले. इतरांनी जेथे थांबून हशा घेतला होता तेथे ती थांबली नाही. शेवटाकडच्या उदास भागाशी मात्र थांबली, आणि पुढचे वाक्य वाचायला तिला थोडा वेळ लागला. कोणी हसले नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी पुस्तक मागायला दोघेतिघे माझ्या टेबलापाशी उभे होते. प्रत माझ्यापाशी एकच होती, ती मी तिलाच दिली.