उदगीरचा तट आणि गावकूस

देगलूरहून विद्यार्थ्यांना घेऊन मी उदगीरचा किल्ला पाहिला. बहामनी, बरीदशाही, आदिलशाही, मोगल, निजाम एवढ्या सत्ता या तटामागे नांदल्या. १६३६ मध्ये शाहजहानच्या फौजेने किल्ला घेतला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगीरजवळ निजामाला नमवून दौलताबादसह मोठा मुलूख मिळवला. पुढे १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली.

इथे पाठ्यपुस्तक मिटते. पण तटावरची निशाणे बदलत असताना गावकुसाबाहेरचा महारवाडा जागचा हलला नाही. वेस राखणे, सांगावा पोहोचवणे, मेलेले ढोर ओढणे ही कामे कोणत्याही तहाने माफ केली नाहीत. १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला, तेव्हा आमच्या नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना जाळून मारण्यात आले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. तारीख पानिपताचीच, पण आमच्या मुलांना १७६१ पाठ असते, १९९४ नसते.

मुलूख कोणी जिंकला हे वर्गात जरूर शिकवावे. त्याच मुलखात माणूस म्हणून उभे राहण्यासाठी कोण मेले, हेही त्याच तासाला शिकवले पाहिजे.