मोटारीचा वेग आणि कामगाराचा शब्द

जर्मन मोटारविद्या नाशिकला परकी नाही. सातपूरच्या मायकोत, म्हणजे आजच्या बॉशमध्ये, डिझेल इंजिनाची नोझले घडत आली. १९९५ पासून पुण्यात मर्सिडीझची जोडणी सुरू झाली.

मोटार आपापल्या देशाच्या रीतीप्रमाणे घडते. जर्मन महामार्गांच्या मोठ्या भागावर वेगाला सक्तीची मर्यादा नाही, म्हणून बी. एम. डब्ल्यू.ची १९८५ ची एम ५ लांबच्या भरधाव प्रवासाला योग्य अशी निघाली. जपानी कारखानदारांनी १९८९ ते २००४ आपसांत २८० अश्वशक्तीची मर्यादा ठरवून घेतली होती. मित्सुबिशीच्या १९९२ च्या लान्सर इव्होल्यूशनने दोन लिटरच्या इंजिनाचा जोर चारही चाकांना देऊन वळणावर बाजी मारली.

रीती निराळ्या, पण दोन्हीकडे कामगाराच्या शब्दाला वजन आहे. टोयोटात दोष दिसताच साधा कामगार दोरी ओढून काम थांबवू शकतो. जर्मनीत १९७६ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या देखरेख मंडळांत निम्म्या जागा कामगारांकडे गेल्या. त्याच वर्षीच्या घटनादुरुस्तीने आपल्या संविधानातही कामगारांच्या सहभागाचे ४३-अ हे कलम आले. मात्र ते मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयात मागता येत नाही. यंत्रे आपण आणली. तो शब्द आणणे बाकी आहे.