जामीन आणि तिजोरी

डिसेंबर १८९७ मध्यें अमरावतीस काँग्रेस भरली. दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष होते. त्यांचे स्नेही लोकमान्य टिळक मात्र राजद्रोहाची शिक्षा भोगीत होते. तथापि खटल्यापूर्वीं, ४ ऑगस्टला, न्यायमूर्ति बद्रुद्दीन तय्यबजींनीं टिळकांस जामिनावर सोडलें होतें. मुंबईचे धनिक द्वारकादास धरमसी जामीन राहिले होते. अकोल्याच्या जिनिंग कारखान्यांतील मजुरास असा धरमसी कोठून लाभावा? १९७८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका गवंड्यास, १०,००० रुपयांच्या जामिनाऐवजीं, स्वतःच्या १,००० रुपयांच्या मुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासूनच्या कायद्यानें, कांहीं अपवाद वगळतां, पूर्वीं कधीं शिक्षा न झालेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर सुटतो. पण तोंवर त्यानें केवळ गरिबीपायीं तुरुंगांत कां राहावें? आमच्या मतें, निर्दोष मानलेल्याची सुटका तिजोरीवर अवलंबून नसावी.